लिंकर काय म्हणतोय ते आधी वाचा: सोर्समधून सॉफ्टवेअर बांधताना या चुका टाळा

रात्री साडेअकराला लातूरहून भाच्याचा फोन. "मामा, काही बी केलं तरी तेच एरर यायलंय."

गडी टेसरॅक्ट कंपाइल करत होता, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधत होता. छापील पानाच्या फोटोतून मजकूर काढून देणारं हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. उबंटू लिनक्स २२.०४ च्या तयार पॅकेजांच्या भांडारात त्याची ४.१.१ आवृत्ती मिळते, याला पाचवी हवी होती. (भांडारातल्या आवृत्तीवर भागत असेल तर या भानगडीत पडूच नका.) म्हटलं, एररची पहिली ओळ वाच. "पहिली? ती तर कवाच वर गेली."

इथेच निम्मे लोक फसतात. बांधणीच्या पायऱ्या क्रमाने चालवणारा मेक शेवटी 'एरर १' म्हणून थांबतो. त्या ओळीत काहीच नसतं. खरी तक्रार वर असते. आउटपुट फाईलमध्ये साठवा आणि समांतर जॉब बंद करून मेक पुन्हा चालवा, म्हणजे ओळी एकमेकींत मिसळत नाहीत.

मग तक्रार कोणाची ते बघा. हेडर फाईल (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणारी) सापडत नाही, ही कंपायलरची. 'कॅनॉट फाइंड' आणि पुढे वजा एल लावून लायब्ररीचं नाव, किंवा 'अनडिफाइन्ड रेफरन्स', ही लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) जोडणाऱ्याची. 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आलं तर प्रोग्रॅम बांधून झालाय, चालवताना लोडरला, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी आणून देणाऱ्याला, ती दिसत नाही. हे न बघता दिसेल ती कमांड चिकटवणं म्हणजे जखम मांडीला, मलम शेंडीला.

"पण लायब्ररी तर हाय की मशीनवर!" असेल. पण साध्या पॅकेजात फक्त चालवण्यापुरती फाईल येते, जिच्या नावाच्या शेवटी एसओ आणि आकडा असतो. लिंकर शोधतो बिनआकड्याचं नाव. ती लिंक आणि हेडर फाईली वेगळ्या पॅकेजात असतात: उबंटू-डेबियनवर नावाच्या शेवटी डेव्ह, फेडोरावर डेव्हेल. टेसरॅक्टला चित्रं हाताळणारी लेप्टोनिका लायब्ररी लागते, म्हणजे लिबलेप्टोनिका-डेव्ह टाकायचं. एवढ्यानेच बहुतेकांचं काम होतं.

आता सगळ्यात वाईट सवय. एसओ.१.१ सापडत नाही म्हणून एसओ.३ ला त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारं नाव) द्यायची. एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आली, उबंटू २२.०४ ने जुनं १.१ काढून टाकलं, आणि ही युक्ती जिकडेतिकडे दिसू लागली. तो आकडा शोभेचा नाही. आकडा बदलला म्हणजे आतली फंक्शनं आणि रचना जुन्या प्रोग्रॅमशी जुळतीलच असं नाही. ओपनएसएसएल निदान 'व्हर्जन नॉट फाउंड' म्हणून तिथेच अडवतं. दुसरी एखादी लायब्ररी मुकाट्याने चालेल आणि मधेच कोसळेल, मग शोधत बसा. प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधणं हाच सरळ मार्ग.

ग्लिबसीला, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या मूळ सी लायब्ररीला, तर हातच लावू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये २२.०४ वर बांधलेली फाईल पेनड्राइव्हवरून घरच्या २०.०४ वर आणली की 'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड' येतं, कारण घरी २.३१ आहे. घरची ग्लिबसी वरून बदलली, तर फाईलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडही चालेनाशी होते. जुन्या मशीनवरच कंपाइल करा.

क्रमाचं थोडक्यात: लिंक करायच्या कमांडमध्ये लायब्ररीची नावं ऑब्जेक्ट फाईलींच्या (कंपाइल झालेल्या तुकड्यांच्या) नंतर लिहा. गणिताच्या लायब्ररीचं वजा एलएम आधी लिहिलं, तर उबंटूवर ती असूनही 'अनडिफाइन्ड रेफरन्स' मिळू शकतो.

भाच्याची खरी गोची वेगळीच निघाली. त्याने लेप्टोनिका एकदा एपीटीने (उबंटूच्या पॅकेज कमांडने) टाकली होती आणि एकदा हाताने यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये. हेडर एकीचे, लायब्ररी दुसरीची. पॅकेज-कॉन्फिग कमांडला आवृत्ती विचारली की कोणती उचलली जाते ते कळतं. अ‍ॅनाकोंडा (स्वतःच्या लायब्ररी घेऊन येणारा पायथनचा संच) असेल तर तेही मधे तोंड घालतं. बांधताना त्याचं वातावरण बंद ठेवा. एक लेप्टोनिका काढली, मशीनवर काय काय आहे ते तपासणारं कॉन्फिगर पुन्हा चालवलं.

आणि मग लाईट गेली. डेस्कटॉप, इन्व्हर्टर नाही. लाईट आल्यावर नवीनच एरर: 'फाईल ट्रंकेटेड'. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाईल तारखेने नवी असते, म्हणून मेक तिला तयार समजून पुढे जातो. यावर उपाय मेक क्लीन, म्हणजे बांधलेले सगळे तुकडे पुसून नव्याने सुरुवात. वेळ जातो, पण डोक्याचा ताप वाचतो.

पहाटे इन्स्टॉल झालं आणि लोडर म्हणाला, लिबटेसरॅक्ट.एसओ.५ दिसत नाही. यूएसआर-लोकलमध्ये नवी लायब्ररी पडली, पण लोडरची यादी जुनीच होती. सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) ती यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग चालवलं, संपलं. फेडोरावर तो फोल्डर आधी यादीत घालावा लागतो. अजून शंका असेल तर एलडीडी कमांड प्रोग्रॅमवर चालवा. 'नॉट फाउंड' कुठे आहे ते दिसतं.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "मामा, आता मराठीची डेटा फाईल सापडंना म्हणायलंय. पण ही तक्रार लिंकरची नाही, टेसरॅक्टची हाय. मी बघतो, तुम्ही झोपा."