स्वसंरक्षण शिकताय, पण धीर येत नाहीये? या चुका टाळा

सहा महिने क्लास झाला, वीस-पंचवीस डाव पाठ झाले, तरी कुणी आवाज चढवला की छातीत धस्स होतं. असं सांगणारे बहुतेक जण मेहनतीत कमी नसतात, त्यांच्या सरावाची पद्धत चुकलेली असते.

सर्वात मोठी चूक म्हणजे जोडीदाराने कायम हलक्या हाताने धरणं. मनगट सोडवण्याचा डाव घ्या. अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे पकड कच्ची असते, म्हणून हात त्या फटीच्या दिशेने वळवून झटक्यात काढायचा. ढिल्या पकडीतून तो पहिल्याच दिवशी सुटतो. पुढे कुणी खरोखर आवळून ओढायला लागलं की सुटत नाही, आणि आलेला धीर क्षणात जातो. जोर पायरीपायरीने वाढवायला सांगा: आधी थोडा, मग निम्मा, मग पूर्ण. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये सुरू केलेल्या ज्युडोत ठरीव डावांबरोबर ‘रांदोरी’, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी मोकळी झटापट, आहे ती याचसाठी.

याच्या उलट टोकही वाईट. नवख्याला पहिल्याच आठवड्यात तगड्या खेळाडूसमोर उभं करतात. मार खाऊन माणूस धीट होतो, हे मला अजिबात पटत नाही. बऱ्याचदा भीतीच पक्की होते. ठोसा येताना डोळे मिटत असतील किंवा श्वास कोंडत असेल, तर वेग निम्म्यावर आणा आणि प्रत्येक हालचालीबरोबर श्वास आवाज करून सोडा.

पडण्याची भीती वाटत असेल तर आधी उकिडवं बसून मागे पडायला शिका. हनुवटी छातीला, पाठ गोल, दोन्ही बाहू तळहातांसकट जमिनीवर आपटायचे. मागे हात टेकवू नका, मनगट दुखावतं.

तोंड मिटून सराव करणं ही चूक तर फार कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘थांब! मागे हो!’ हे खणखणीत म्हणणं डावाइतकंच घोटावं लागतं. कॅनडातील तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींसाठी 12 तासांचं प्रशिक्षण घेतलं गेलं. त्यात धोका ओळखणं, ठामपणे नकार देणं आणि शारीरिक प्रतिकार हे तिन्ही होतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के, तर प्रशिक्षित गटात 5.2 टक्के होतं.

ऐनवेळी सगळं विसरायला होतं? घाबरल्यावर हृदयाचे ठोके वाढतात, बोटांची नाजूक हालचाल बिघडते. त्यामुळे गुंतागुंतीचे डाव बाजूला ठेवून तीन-चार ढोबळ डाव निवडा. दम लागेपर्यंत जागेवर धावा आणि लगेच तेच डाव करा. थिजलात तर प्रशिक्षकांना तसं स्पष्ट सांगा. ते त्यावर हसत असतील, तर क्लास बदला.