म्हशी-बैल गाडीतनं न्यायचेत? आधी भाडं कशावर ठरवायचं ते बघा

कोल्हापूर भागात पिकअप नाहीतर टेम्पो घेतला की थोड्याच दिवसात कोणतरी हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, येऊन विचारणारच, वडगावच्या बाजारातनं म्हशी आणायच्यात, येतोस काय. विटा-वाळूपेक्षा पैसे बरे दिसतात, अंतर पण कमी, म्हणून पोरं हो म्हणतात. पण हा माल जिवंत असतोय, हलतोय, घाबरतोय, आणि काय झालं तर सगळे ड्रायव्हरकडं बोट दाखवून मोकळे होतात. तर नवीन लोकांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे भाडं नगावर ठरवू नका, फेरीवर ठरवा. एका म्हशीमागं एवढे असा दर ठरला की हेड्याला पण वाटतंय आणि तुम्हाला पण वाटतंय की अजून एक बसतीया, आणि तिथनंच सगळी भानगड सुरू होते. बाजार उठायच्या टायमाला चौघं मिळून "घे की भावा, काय हुतंय" करत मागं लागतात, डोक्यात हप्ता असतोय, डिझेल असतंय, परत येताना गाडी रिकामी येणार हे असतंय, मग माणूस भुलतो. फेरीचं भाडं आधीच बोलून ठेवलं, टोल आणि थांबण्याचे पैसे धरून, तर एक जनावर जास्त भरण्यात तुमचा फायदाच राहत नाही, आणि नाही म्हणायला जड जात नाही. आणि किती जनावरं हे फोनवरच ठरवा, बाजारात पोचल्यावर नव्हे.

आता किती बसतात त्याचा हिशोब. मोटार वाहन नियमात २०१५ ला दुरुस्ती झाली, १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर जागा पाहिजे असं आहे, म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. पिकअपचा हौदा नऊ बाय साडेपाच धरला तर पन्नास चौरस फुटाच्या आतच येतोय, म्हणजे दोन म्हशी. चौदा बाय साडेसहाची गाडी असंल तर चार. शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर, म्हणजे त्याच पिकअपमध्ये पंधरा. आणि गाडी कितीबी मोठी असली तरी १९७८ च्या जनावर वाहतूक नियमात एका मालगाडीत सहाच्या वर गाय-म्हैस-बैल नाही चालत. टेप घेऊन स्वतःचा हौदा एकदा मोजा आणि आकडा केबिनमध्ये लिहून ठेवा, हेड्याला दाखवायला बरं पडतंय.

त्याच २०१५ च्या दुरुस्तीत अजून एक आहे जे बऱ्याच जणांना माहीतच नसतंय. जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे पाहिजेत, आरटीओचा वेगळा परवाना पाहिजे आणि त्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. म्हणजे आज विटा आणि उद्या म्हशी हे कायद्यात बसत नाही. हा धंदा नेटानं करायचा असंल तर गाडी त्यासाठीच बांधून घ्या, नाहीतर स्पष्ट नाही म्हणा. मधल्या मधे लोंबकळणारेच सापडतात.

कागदाचं थोडक्यात. जनावरांच्या डॉक्टरचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला, बाजार समितीची खरेदी पावती, विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव पत्ता फोन, आणि कानातला बारा आकडी बिल्ला. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक राज्यात १ जून २०२४ पासून बंद केली आहे, तर पावतीवरचा नंबर आणि कानातला नंबर स्वतः डोळ्यानं जुळवून बघा. बैल किंवा खोंड असंल तर जास्तच सांभाळून, २०१५ पासून आपल्याकडं गायीबरोबर बैल आणि वळू कापायला पण बंदी आहे, आणि त्यासाठीची वाहतूक हा गुन्हाच आहे. म्हशीला ती बंदी नाही पण छळाचा कायदा म्हशीला पण लागतोयच. बैल शेतीला चाललाय तर घेणाऱ्या शेतकऱ्याचा सातबारा आणि आधारची झेरॉक्स मागा, शक्यतो तो माणूसच गाडीत बसवा. घेणारा कोण हेच हेडी सांगत नसंल तर भाडं सोडा. निपाणी, संकेश्वर बाजूला जायचं असंल तर कर्नाटकचा २०२० चा कायदा अजून कडक आहे, कोगनोळीला सीमेच्या नाक्यावर अडवल्यावर कागद गोळा करत बसायची वेळ नसते.

आता चढवणं. सगळ्यात जास्त मोडतोड इथंच होते, पळत्या गाडीत नव्हे. फाळका खाली टाकून म्हशीला तीन फूट उडी मारायला लावायची, मागनं दोघांनी शेपूट पिरगाळायचं, हे रोज दिसतंय आणि ह्यातच पाय मोडतात, कास फाटते. साधा उपाय म्हणजे बांध किंवा उंचवटा बघून गाडी मागं घ्यायची, हौदा आणि जमीन एका लेव्हलला आली की जनावर आपल्या पायानं चालत आत जातंय. बांध नसंल तर लांब फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, जितकी लांब तितका चढ कमी. हौद्यात पत्र्यावर तसंच उभं करू नका, शेण-मूत पडलं की पत्रा घसरडा होतोय आणि एक पडली की बाकीच्या तिला तुडवतात. खाली काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, त्यावर पाचट पसरा, आपल्याकडं पाचटीला काय तोटा आहे होय. गरीब, प्रवास केलेलं जनावर आधी चढवा, बाकीची मागनं येतात. रेडकू असंल तर ते पुढं न्या, आई मागं येते, पण आत गेल्यावर रेडकाला फळी लावून वेगळं करा.

बांधताना वेसणीला कधीच नाही. ब्रेक लागला की नाक फाटतंय. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोर, किंवा गळ्यातलं दावं, तोंड केबिनकडं, दोर एवढाच की मान हलवता येईल पण पाय अडकणार नाही, आणि गाठ ओढली की सुटणारी. पाय बांधायचे नाहीत. पंढरपुरी म्हैस असंल तर शिंगांचा हिशोब वेगळा, ती शिंगं मीटर दीड मीटर लांब जातात, शेजारणीच्या डोळ्यात जायला वेळ लागत नाही. तिथं मधे जागा जास्त सोडा आणि टोकांना पोतं गुंडाळा. मुऱ्हाची शिंगं वळलेली असतात, तिचा तेवढा त्रास नाही.

गाभण म्हैस शेवटच्या महिन्यात असंल किंवा व्याल्याला चारच दिवस झाले असतील तर नेऊ नका, हेडी कितीबी गोड बोलूदे. निघायच्या आधी धार काढून घ्या, पोट गच्च भरवू नका, थोडी वाळली वैरण आणि पाणी पुरे.

गाडी चालवण्याचं बघा. सहा म्हशी म्हणजे अडीच-तीन टन वजन, तेबी उंचावर आणि हलणारं. सिमेंटची पोती वळणावर जागची हलत नाहीत, म्हशी सगळ्या एका बाजूला रेलतात, आणि गाडी पलटी व्हायला तेवढंच पुरतंय. करूळ, फोंडा, आंबा घाटात उतरताना गिअर खालचा ठेवा, न्यूट्रल करून डिझेल वाचवायच्या भानगडीत पडू नका, वळण यायच्या आधीच स्पीड कमी करा, वळणात ब्रेक नको. निघाल्यावर अर्ध्या तासात एकदा थांबून मागं बघाच, दोर तेवढ्यात सैल पडलेले असतात. नंतर दर तीन-चार तासाला. बसलेली म्हैस उठत नसंल, मान टाकली असंल, जीभ बाहेर काढून धापा टाकत असंल तर पुढं जायचं नाही. १९६२ ला फोन लावा, पशुवैद्यकीय सेवेचा तो टोल फ्री नंबर आहे.

उन्हाळ्यात पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर निघा. म्हशीचं कातडं काळं, घाम कमी, तिला ऊन सोसत नाही. पळत्या गाडीत निदान वारा लागतोय, धाब्यावर उन्हात लावलेल्या गाडीत अर्ध्या तासात हाल होतात. जेवायला थांबायचं तर झाडाखालीच, आणि ड्रायव्हर-क्लीनरनी आळीपाळीनं जेवायचं, एक जण जनावराजवळ.

हरियाणातनं मुऱ्हा आणायचं भाडं आलं तर ते दीड हजार किलोमीटरच्या वरचं आहे. दोन ड्रायव्हर नसतील तर घेऊ नका. हेडी म्हणणार दोन दिवसात पोचवा, दूध आटतंय. दूध प्रवासानं आटतंयच, पळवून आणलं तर जास्त आटतंय. मधे जनावरं खाली उतरवून विश्रांती, पाणी, वैरण आणि सकाळ-संध्याकाळ धार, नाहीतर कास ताठते आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. ह्या थांब्यांचे पैसे आधीच भाड्यात धरा.

रस्त्यात कुणी जमाव करून अडवलं तर हुज्जत घालू नका आणि गाडी दामटून पळवू पण नका. काचा वर, ११२ ला फोन, आणि पोलीस आले की कागद त्यांच्याच हातात द्या. बाकी कुणाला ओरिजिनल द्यायचे नाहीत. चौकीवर चला म्हणायचं. आकडा नियमात असंल आणि दाखला असंल तर बोलायला तोंड राहतंय. जास्त भरलेली असंल तर गाडी जप्त, जनावरं गोशाळेत किंवा पांजरपोळात, आणि तिथल्या चाऱ्या-पाण्याचा खर्च पण मागं लागू शकतोय. हेड्याचा फोन त्या दिवशी लागत नाही. गाडीच्या इन्शुरन्समध्ये जनावर धरलेलं नसतंय, प्रवासाचा विमा वेगळा काढावा लागतोय, तो मालकानं काढलाय का हे निघायच्या आधी विचारून घ्या.

उतरवल्यावर लगेच पेंड आणि हिरवं टाकायचं नाही, पोट फुगतंय. आधी थोडं पाणी, मग वाळली वैरण. घेणाऱ्याला सांगा की दोन-तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासनं लांब बांध, २०२२ ला लंपीत बाजार आणि वाहतूक का बंद केली होती ते सगळ्यांना आठवतंय. आणि तुमची गाडी तिथंच धुवा, पाचट खड्ड्यात पुरा नाहीतर जाळा, मग हौदा धुण्याच्या सोड्यानं, लिटरला चाळीस ग्रॅम, लाळ-खुरकताला तो चालतोय. टायर आणि चपला पण धुवा, रोग त्यावरनंच पुढच्या गोठ्यात जातोय. पैसे मात्र गाडी धुवायच्या आधी घ्या.