त्रिखंडातून खान्देशात नवीन आलेल्यांसाठी

इथे कुणालाही "तुम्ही वरचे की खालचे?" असं विचारू नका. आपल्याकडे हा प्रश्न रामरामाच्या जागी चालायचा. समोरचा उंचखंडाचा की तळखंडाचा एवढंच त्यातून कळायचं. इथे त्याचा अर्थ जातीवर जातो, आणि ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागतो. त्रिखंडात वर-खाली नदी ठरवायची आणि सहा महिन्यांनी उलटी वाहून तीच उलटंही करायची. इथलं वर-खाली पालटत नाही म्हणून तर ते जास्त वाईट. तेव्हा तो प्रश्न, आपण ज्या झऱ्यातून इकडे येतो, त्याच्या पलीकडेच ठेवून या.

लोक मात्र तुम्हाला विचारतील. एसटीत, दवाखान्यात, टपरीवर. "तुनं गाव कोनतं शे?" यात खोट काही नसतं, बोलणं सुरू करायची ती पद्धत आहे. "सातपुड्याकडचं" म्हणा. अडावदजवळच्या उनपदेवाच्या गरम झऱ्यातून आपण वर येतो, म्हणजे हे उत्तर खोटंही नाही. आडनाव विचारलं तर पाटील सांगा. इथे इतक्या वेगवेगळ्या समाजांत पाटील आहेत की तेवढ्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही. पुढे खोदून विचारणारा भेटलाच तर चहाचे पैसे देऊन उठा.

आता नदी. तापी पालटत नाही. हे मी चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगतो, तरी दर पावसाळ्यात आपली म्हातारी माणसं गाठोडी घेऊन काठावर जाऊन उभी राहतात. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवते, 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेपाशी खंबातच्या आखाताला मिळते. बारा महिने पश्चिमेलाच. दख्खनच्या गोदावरी, कृष्णा वगैरे थोरल्या नद्या पूर्वेला जातात, तापी आणि नर्मदा तेवढ्या उलट्या दिशेने. कारण या दोघी जमिनीच्या भेगांमुळे खचलेल्या लांबट खोऱ्यांतून वाहतात. पण हे उलटेपण कायमचं आहे. चांगदेवला पूर्णा येऊन तापीला मिळते. मोठ्या पुरात उपनदीचं पाणी तोंडाशी तुंबतं, मागे रेटल्यासारखं दिसतं, आणि आपला माणूस ओरडतो, "पालट आला!" तो पालट नव्हे, फुगवटा आहे. नमस्कार करायचा तर संगमाला करा आणि काठापासून लांब उभे राहा.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधे काळी जमीन. कापूस सगळीकडे. यावल-रावेरकडे गेलात तर केळीच्या बागा बघून तुम्हाला वाटेल की इथे पाण्याला तोटा नाही. तसं नाही. त्या बागा जमिनीखालच्या पाण्यावर उभ्या आहेत आणि ते पाणी खोल खोल चाललं आहे. धुळ्याकडचा भाग पर्जन्यछायेतला, तिथे पाऊस मोजून मापून. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. बर्फातून आलेल्या उंचखंडी मंडळींनी पहिला मे महिना दुपारी घराबाहेर काढू नये, एवढंच सांगतो.

आपल्यातली जी मुलं झऱ्यातून कडेवर बसून आली, त्यांना मागचं राजकारण ठाऊक नाही. आणि इथले मित्र विचारतात तेव्हा ती काहीतरी भलतंच सांगतात. म्हणून थोडक्यात. पालटी नदीच्या एका टोकाला उंचखंडाचे हिमकडे, दुसऱ्या टोकाला तळखंडाचं महातळं. सहा महिने बर्फाचं पाणी तळ्याकडे, सहा महिने फुगलेल्या तळ्याचं पाणी कड्यांकडे. ज्याच्याकडून पाणी येतं, पाणीपट्टीचा हक्क त्याचा. पालटाच्या दिवशी शिक्के बदलायचे. राज्य दोघांचं, पाळीपाळीने. मधे राहणारे आम्ही मधखंडी दोघांनाही पट्टी भरायचो. आमच्याकडे राजा नव्हता, फौज नव्हती, एक तराजूसभा होती. तिचं काम एकच: कुणालाही पूर्ण हो म्हणायचं नाही आणि कुणालाही नाही म्हणायचं नाही. बाहेरून हे लाचारीचं वाटायचं, पण त्या लाचारीवर आमची शेतं पिढ्यान्‌पिढ्या पिकली, कारण दोन्ही बाजूंचा गाळ आमच्याकडे येऊन बसायचा.

मग उंचखंडाने घळीत कवाड बांधलं. उलटं येणारं पाणी अडवायचं, म्हणजे आपण कायमचे वरचे. महातळं आटलं, तळखंडाची जहाजं चिखलात रुतली, आणि ते पायी चालत आले. दोन्ही फौजा भिडल्या त्या मधखंडात. भांडण त्यांचं, नांगर आमचे मोडले. मी मधखंडी आहे, त्यामुळे हे सांगताना माझं माप थोडं झुकत असेल. पण उंचखंडी शेजाऱ्यालाही विचारून बघा, कवाडाचं समर्थन तो आता करणार नाही. निदान जळगावच्या उन्हात तरी नाही.

त्रिखंड म्हणताना आपण चौथं खंड मोजतच नाही, हेही मुलांना सांगा. नदीपासून लांब राहणारे, मीठ विकणारे कोरडखंडी पट्टी भरत नव्हते, म्हणून ते नकाशावर नव्हते. तेही आता झऱ्यातून येतात आणि बहुतेक जण सरळ धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत जातात. तिथे भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांची जुनी वस्ती आहे. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या निम्म्याहून जास्त आहे, आणि खान्देशचा इतिहास राजांच्या यादीतून शिकाल तर ती माणसं त्यात जवळजवळ दिसणार नाहीत. इंग्रजांच्या कागदांत ती दिसतात ती बंडखोर म्हणून, नाहीतर 1825 मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीतले शिपाई म्हणून. आपल्या कोरडखंड्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी काठी गावची होळी बघायला जा, अस्तंब्याच्या यात्रेला जा. आणि सातपुड्यातल्या माणसाला "जंगली" म्हणण्याची सवय इथल्या कुणाकडून उचलू नका.

मधखंडी माणसाला खान्देश लवकर आपला वाटतो, त्याला कारण आहे. हाही मधलाच देश. 1382 च्या सुमारास थाळनेरला मलिक राजाने फारुकी घराण्याची सत्ता मांडली. एका बाजूला गुजरातचे सुलतान, दुसऱ्या बाजूला माळवा, खाली बहमनी. तिघेही खान्देशापेक्षा मोठे. तरी हे राज्य दोनशे वर्षांहून जास्त टिकलं: कधी खंडणी देऊन, कधी सोयरीक करून, कधी गडाचे दरवाजे लावून घेऊन. तो गड म्हणजे असीरगड. आता तो मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात येतो. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट त्याच्या नजरेखाली होती, म्हणून त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. 1601 मध्ये तो अकबराने घेतला आणि फारुकी संपले. अकबराने शहजादा दानियालवरून या मुलखाचं नाव दानदेश केलं. पुढे ते नाव कुणी घेतलं नाही. कवाडाची आठवण येऊन आपल्यापैकी काही जण असीरगडावर चढायला तयार नसतात. त्यांना सांगा, तिथे वाट अडवली होती, नदी नव्हे.

आणि देश वाटायला इथे फौज लागत नाही, हे आपल्याला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. 1906 मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचे जळगाव आणि धुळे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कचेऱ्या हलल्या, पाट्या बदलल्या, बदलीवर आलेले कारकून कुरकुरले. झालं. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर मुद्दाम बघून या. राज्याची हद्द फलाटावरून जाते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. एकाच बाकावर दोन माणसं दोन राज्यांत बसून वडापाव खातात. आमच्या एका तळखंडी आजोबांना तिथे नेलं तर ते हद्दीच्या रेघेशी जोडे काढून उभे राहिले. त्यांच्या काळी त्रिखंडात हद्द ओलांडणाऱ्याचे पाय कापत.

पाण्यावरून इथे भांडणं होत नाहीत असं मात्र समजू नका. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. त्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसतात खालचे चाळीसगाव, भडगाव, पाचोरा. आवर्तन कधी सुटणार यावर मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, रस्ता अडवला जातो. आणि खालच्यांना पाणी नसण्याचीच भीती असते असंही नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाली. वर असणं आणि खाली असणं इथेही आहेच. फरक एवढाच की वरच्याला त्याबद्दल मुजरा मिळत नाही.

याहून पुढची गोष्ट बघायची असेल तर पांझरा नदीच्या काठी जा आणि फडाची माहिती करून घ्या. तराजूसभेतल्या कुणाला हे सुचलं असतं तर! नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे केलेले. त्या तुकड्याला फड म्हणतात. एका फडात त्या हंगामाला एकच पीक, पुढच्या हंगामाला पिकांची अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते, थोडी या फडात, थोडी त्या. त्यामुळे पाटाच्या तोंडाशी बसून आडदांडपणा करण्यात कुणाचा फायदा नाही. शेपटाचं पाणी तोडलं तर आपलाच दुसरा तुकडा वाळतो. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे गावचे पंच बसून ठरवतात, आणि राहिलेले फड सगळ्यांचेच कोरडे राहतात. वाटप बघायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांकडूनच. तीनशे वर्षांहून जुनी पद्धत आहे. वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघर विहिरी आणि मोटारी आल्या, तसे बरेच फड मोडले. काही अजून चालू आहेत. जिथे चालू असेल तिथे पाटकऱ्याबरोबर पाटाच्या कडेने एक फेरी मारा. प्रश्न कमी विचारा. तो बोलतो तेव्हा चालत असतो, आणि थांबला की त्याला दुसरं काम आठवतं.

अहिराणी कानावर पडेल ती शिकून घ्या, मराठी शाळेत मुलांकडून येईलच. भुसावळ-यावलकडे लेवा समाजाची बोली वेगळी, डोंगरात पावरी वेगळी. चुकलात तर लोक हसतात, पण हसून झाल्यावर "बठ ना भो, च्या पे" म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका माहेरी येतात, झोके बांधतात. आपल्या मुलींना त्या दिवशी कामाला जुंपू नका, शेजारणी तुम्हाला बोलतील. श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात. बोलावलं तर जा. ताटात वाढलेलं टाकू नका.

एक ताकीद. शहरात कुठेतरी खोली घेऊन बसलेले, अंगावर जुना शिक्का वागवणारे दोघं-तिघं तुम्हाला गाठतील. एक म्हणेल उंचखंडाचं खरं सरकार आता त्याच्याकडे आहे, दुसरा तळखंडाचं नाव सांगेल. दोघेही पालटाची पावती फाडतात आणि दोघेही मधखंड्यांकडेच आधी येतात. द्यायची नाही. इथली पाणीपट्टी ग्रामपंचायत किंवा महापालिका घेते, तिची छापील पावती मिळते, ती जपून ठेवा. रहिवासी दाखल्याच्या वेळी उपयोगी पडते.

थंडी पडली की केळीच्या नाहीतर तुरीच्या शेतात आपल्या सगळ्यांची भरीत पार्टी असते. वर्गणी सगळ्यांना सारखी. वांगी हिरवी, भरताची, जळगावकडची. ती तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची. उंचखंडी पंगतीत पहिल्या पानावर बसायला जातात, तळखंडी लगेच बाह्या सरसावतात, म्हणून आम्ही पान मांडायचं सोडून दिलं आहे. ज्याला भूक लागेल त्याने कळण्याची भाकरी हातावर घ्यायची आणि उभ्यानेच खायची. जो उशिरा येईल त्याने भाजलेली गरम वांगी सोलायची, मग तो कुठल्या का खंडाचा असेना. ठेचायला लाकडी बडगी लागते. ती शेजारच्या मळ्यातून मागून आणतो. परत करताना धुऊन द्या.