सर्व्हिस सेंटरहून आलेली गाडी नवाच त्रास द्यायला लागली? दोष असा शोधा

गाडी दिली तेव्हा तक्रार एक होती, परत आली तेव्हा ती गेली पण दुसरीच सुरू झाली. क्लच बदलून आणला आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, एसीचं काम केलं आणि पायाखाली पाणी यायला लागलं, साधी पेड सर्व्हिस झाली आणि ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी थरथरायला लागली. मग आपण फोन करतो आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "सर, त्याचा आमच्या कामाशी काही संबंध नाही, गाडीचं वय झालंय." कधीकधी ते खरंही असतं, पण बरेचदा नसतं. आणि खरं काय ते ठरवायला आपण मेकॅनिक असायची गरज नाही, शोध फक्त नीट क्रमाने घ्यायला लागतो. माझं सांगणं एवढंच की काय बिघडलंय ते नंतर बघा, आधी हात कुठे कुठे लागला ते बघा.

सगळ्यात आधी: काही काढू नका, काही पुसू नका

त्रास दिसला की लोक पहिलं काम काय करतात, तर बॅटरीचा टर्मिनल काढून परत लावतात, किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाऊन स्कॅनर लावून चेक इंजिनची लाइट घालवून घेतात. हे अजिबात करू नका. एरर कोड नोंदला जातो तेव्हा त्याच्यासोबत इंजिनचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड असं त्या क्षणाचं चित्रही ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, साठवलेलं असतं आणि कोड पुसला की तेही जातं, म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला पुरावा तुम्हीच घालवलात. त्याऐवजी मोबाइल काढा, किलोमीटरचा आकडा आणि पेटलेली लाइट एकाच फोटोत येईल असा फोटो घ्या, आवाज येत असेल तर व्हिडिओ करा, आणि इंजिन थंड होतं का गरम, एसी चालू होता का, हे दोन ओळींत लिहून ठेवा.

एका बाबतीत मात्र फोटो काढत थांबायचं नाही. ऑइलची लाल लाइट लागली, टेम्परेचरचा काटा वर गेला, किंवा ब्रेकचा पेडल मऊ होऊन खाली जायला लागला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टो मागवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय, जरा पुढे काढतो असं नको. ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट किंवा फिल्टर सैल राहिला असेल आणि ऑइल वाहून गेलं असेल तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं.

जॉब कार्ड (कामाची नोंद असलेला कागद) वाचा, आणि त्यातही लेबरच्या ओळी

बिलावर पार्टची यादी असते ती काय नवीन बसवलं ते सांगते, पण काय काय उघडलं ते लेबरच्या ओळीत असतं आणि आपल्याला तेच हवंय. क्लचचं उदाहरण घ्या. बिलावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एवढंच दिसतं, पण फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवायचा तर बहुतेक गाड्यांमध्ये बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, गिअरच्या केबल, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे), लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट, स्टार्टरच्या वायर हे सगळं सुटतं, काही गाड्यांमध्ये खालचा सबफ्रेमही (इंजिनखालची चौकट) खाली घ्यावा लागतो. आता तुमची तक्रार या यादीशी लावून बघा. स्टिअरिंग वाकडं असेल तर लोअर आर्म किंवा सबफ्रेम मूळ जागी बसलेला नाही किंवा चाकांची अलाइनमेंट केलीच नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला तेलाचा डाग असेल तर ड्राइव्ह शाफ्ट घालताना ऑइल सील दुखावलंय. स्टार्ट करताना नुसतं कट कट करतं तर स्टार्टरची वायर, बॅटरी टर्मिनल नाहीतर गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी सैल आहे. म्हणजे "क्लचचा आणि स्टिअरिंगचा काय संबंध" हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटला तरी उत्तर त्या सुटलेल्या बोल्टांमध्ये असतं.

जॉब कार्डवर न दिसणारंही एक काम असतं, ते म्हणजे वॉशिंग. प्रेशर पंपाने इंजिन धुतलं असेल तर कपलरमध्ये (वायरच्या जोडात) किंवा स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी राहतं आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे झटके देते, वाळली की आपोआप बरी होते. त्यामुळे इंजिन धुतलं होतं का, हे आवर्जून विचारा.

बोनेट उघडा

इंजिन थंड असताना, उजेडात. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दिवसाही अंधार असतो, गाडी बाहेर काढा किंवा चांगला टॉर्च घ्या. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, हलले तर तिथेच अर्धे प्रश्न सुटतात. ऑइलची झाकणी घट्ट आहे का, डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का (कमी जितकं वाईट तितकंच जास्तही वाईट), कूलंट खुणेपर्यंत आहे का. कूलंट बदललं असेल आणि आत हवा अडकली असेल तर डॅशबोर्डच्या मागून गुडगुड आवाज येतो आणि टेम्परेचर वरखाली होतं. कूलंटची झाकणी इंजिन गरम असताना उघडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता एअर फिल्टरचा पाईप. एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडे एक जाड काळा रबरी पाईप जातो आणि त्याच्या टोकाला पट्टीचा क्लॅम्प असतो. फिल्टर बदलताना हा बऱ्याच गाड्यांत सोडावा लागतो. परत लावताना क्लॅम्पचा स्क्रू आवळलेला असतो पण पाईप कडेवर पूर्ण चढलेलाच नसतो, वरून बघाल तर एकदम फिट दिसतो, खालच्या बाजूने बोट फिरवलं की फट हाताला लागते. मग होतं काय, एअरफ्लो सेन्सर ज्या गाडीत असतो तिथे सेन्सरने मोजलेली हवा वेगळी आणि फटीतून न मोजलेली शिरते ती वेगळी, पेट्रोल त्या मानाने कमी पडतं, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आरपीएम म्हणजे इंजिनचा वेग वरखाली होतो, आणि काही दिवसांनी पी ०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो. यावर सेन्सर बदलायचा सल्ला मिळालेले लोक मी बघितलेत, आणि काम होतं स्क्रूड्रायव्हरचं. त्याच पाईपवर किंवा डब्यावर सेन्सरचा छोटा कपलर असतो, तो टक् आवाज होईपर्यंत बसलाय का तेही बघा.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि चिकट असेल तर कूलंट, साधं पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नका, ते काम लिफ्टवर होऊ द्या.

एसीच्या पाण्यावरून आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीचं सांगतो. कूलिंग कॉइल बदलायला डॅशबोर्ड उतरवला होता, गाडी आणल्यावर काही दिवसांत पुढची डावी मॅट ओली आणि गाडीत कुबट वास. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले पावसाचं पाणी शिरतंय, दरवाज्याचं रबर बदला. आम्ही काय केलं, कोरड्या दिवशी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटं एसी चालवला. ठाण्याच्या दमट हवेत एवढ्यात गाडीखाली चांगलं थारोळं व्हायला पाहिजे, तिथे एक थेंब नाही आणि आत कार्पेटखालचा फोम पिळला तर पाणी. म्हणजे ड्रेनचा पाईप आतल्या तोटीवर बसवलेलाच नव्हता, नाहीतर दुमडला होता. तो व्हिडिओ दाखवल्यावर रबराचा विषय संपला आणि पाईप बसवून मिळाला. हेच पाणी चिकट असतं, गोडसर वास असता आणि काचेवर धुकं धरत असतं तर ते हीटरच्या कॉइलचं कूलंट असतं, तो वेगळा आणि महाग विषय आहे.

ट्रायल घ्या, पण एका वेळी एकच गोष्ट बदलून

आवाज असेल तर आधी गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस द्या. उभ्या गाडीत आला तर इंजिनच्या बाजूचा, चालतानाच आला तर चाकं, ब्रेक, सस्पेन्शन. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली आणि टक टक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. ब्रेकचं काम झाल्यावर सतत बारीक घासल्यासारखा पत्र्याचा आवाज आला तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला टेकलाय का बघायला सांगा, हे फार वेळा होतं आणि हाताने सरळ होतं. खड्ड्यातली खडखड ऐकायला आपल्याकडे वेगळी जागा शोधायला नको, घोडबंदर रोड आहेच. लोडवर तपासायचं तर गायमुखचा चढ चांगला, चढावर आरपीएम वाढतोय पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही म्हणजे क्लच घसरतोय. स्टिअरिंग ओढतं का हे बघायला नवी मुंबईच्या पाम बीच रोडचा सरळ पट्टा सकाळी लवकर, पण आधी चारही टायरची हवा चेक करून, नाहीतर निष्कर्ष चुकीचा निघतो.

सीएनजी गाडीवाल्यांना तर अजून एक सोय आहे. गाडी सीएनजीवर मिसिंग मारते आणि पेट्रोलवर नाही, तर प्लग आणि कॉइलकडे बघा, कारण सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते आणि प्लग बदलताना राहिलेली ढिलाई तिथे आधी दिसते. प्लग ठीक निघाले तर मग सीएनजीचा फिल्टर, इंजेक्टर.

मग स्कॅनर

डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास, ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचा सॉकेट असतो, त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. फक्त वाचा आणि स्क्रीनशॉट घ्या. कोड पार्टचं नाव सांगत नाही, तो गडबड कुठल्या भागात आहे तेवढं सांगतो, म्हणून कोड आला की लगेच सेन्सर बदला असं कुणी म्हणालं तर थांबा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत पहिली आणि दुसरी कॉइल आपापसात बदलायला सांगा, कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब, पहिल्यालाच राहिला तर प्लग, कपलर किंवा इंजेक्टर. खर्च शून्य. बॅटरीचा व्होल्टेजही बघा, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवा. गाडी आठवडाभर वर्कशॉपमध्ये दरवाजे उघडे ठेवून पडली असेल तर बॅटरी उतरलेली असते, आणि उतरलेली बॅटरी स्टिअरिंगपासून एबीएसपर्यंत कुठलीही लाइट लावू शकते.

आता हेही प्रामाणिकपणे बघायला हवं की सगळंच त्यांच्या माथी मारता येत नाही. बॅटरी काढली असेल तर काही दिवस आयडल थोडा वेगळा वाटतो, खिडकीचं ऑटो बटण परत सेट करावं लागतं, स्टार्ट-स्टॉप लगेच काम करत नाही. नवीन ब्रेक पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर जातात. नवीन क्लच वेगळ्या ठिकाणी पकडतो. आणि जो भाग जॉब कार्डवर नाही, ज्याची वायर, पाईप, बोल्ट काहीच उघडलेल्या भागातून जात नाही, तिथला दोष बहुतेक योगायोगच. पुढे गिअरबॉक्सचं काम झालं आणि मागचा शॉकअप लीक झाला तर त्यांच्याशी भांडू नका.

परत जाताना

शनिवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा. अॅडव्हायझरशी वाद घालण्यापेक्षा टेक्निशियन किंवा फ्लोअर इन्चार्ज सोबत बसवून ट्रायल मागा आणि गाडी आधी तुम्ही चालवून दोष दाखवा, कारण कुठल्या वेगाला आणि कुठल्या वळणावर येतो ते तुम्हालाच माहितीय. नवीन जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "अमुक कामानंतर सुरू झालेली तक्रार", सोबत आधीच्या जॉब कार्डचा नंबर. "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका, तसं लिहिलं की ती नवीन तक्रार होते आणि बिलही नवीन होतं. कुठलाही पार्ट बदलायचा म्हटलं तर खराब असल्याचं दाखवा म्हणा आणि जुना पार्ट परत मागा. दोष सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच येत असेल तर गाडी रात्रभर तिथे ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला लावा, संध्याकाळी गरम इंजिनवर "ओके आहे" म्हणून ताबा घेऊ नका.

तरीही हात वर केले तर वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एखाद्या जुन्या, अनुभवी गॅरेजवाल्याकडून लेखी मत घ्या, काही उघडायच्या आधी फोटो काढून, आणि ते कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेलने पाठवा, फोनवर बोलत बसू नका. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या ठिकाणी तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वाशी, नेरूळ, ऐरोलीवाल्यांचा जिल्हा ठाणे, खारघर, कामोठे, पनवेलवाल्यांचा रायगड, तेवढं बघून अर्ज करा.