शॉर्टफिल्मला पैसे कोण देतं?

सांगलीत नवं पोरगं कॅमेरा घेऊन भेटलं की पहिला प्रश्न हाच: "सरकारी अनुदान मिळतं का हो?" राज्य सरकारची प्रसिद्ध योजना, 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख, पूर्ण लांबीच्या मराठी चित्रपटांसाठी आहे. तिच्या नादी लागू नका. परदेशी फंडांचा कलही बहुतेक मोठ्या लांबीकडेच. शिवाय बाहेरून पैसा घेताना एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आड येतो, तेव्हा आधी सीएला गाठा.

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स मात्र १९९५ पासून अनुदानं देते आहे, आणि तिथे अर्ज मराठीतही चालतो. भर कलांवर. मिरजेच्या तंतुवाद्यांवरचं काम तिथे शोभेल, हळदीच्या बाजारभावावरचं नाही.

कुठेही अर्ज करा, घाम गाळायचा तो टिपणावर. 'हळदीवर माहितीपट करायचा आहे' एवढ्यावर कुणी खिशात हात घालत नाही. त्यापेक्षा हरिपूरची पेवं घ्या. हळद साठवायची ही जमिनीखालची कोठारं उघडली तरी लगेच आत उतरता येत नाही. आधी हवा खेळू देतात, मग कंदील सोडून बघतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. आता कोण उतरतं, कुणाच्या पेवापाशी शूटिंगची परवानगी मिळाली आहे, कोणत्या महिन्यात जाणार, हे एका पानात मांडा.

बजेटमध्ये कॅमेऱ्याचं भाडं सगळेच धरतात. साउंड, हार्डडिस्क, सबटायटल्स, फेस्टिव्हलच्या प्रवेश फिया राहून जातात. स्वतःचं मानधनही लिहा. शून्य दाखवलं की बजेट नवख्याचं वाटतं. पैसे सहसा हप्त्यांनी येतात, त्यामुळे रिक्षापासून चहापर्यंत व्हाउचरवर सही घेत चला.

काल्पनिक गोष्टीला अनुदान मिळणं अवघडच. मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या पाठीशी १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक होते. आपल्याला मार्केट यार्डात व्यापाऱ्यांकडे जावं लागतं. तिथे रोख मागण्याआधी युनिटचं दोन दिवसांचं जेवण, एखादी गाडी, गोडाऊनमधली जागा मागा. हे लवकर मिळतं. आणि श्रेयनामावलीत पेढीचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या, पाटीवर असतं तसं.