स्वतःच्या क्लासवर फॉर-लूप चालवताना: इटरेटर वेगळाच ठेवा

पायथनमध्ये क्लास आणि लिस्ट येते असं धरतो. उदाहरण आपल्याकडच्या जिनिंगचं घेऊ. ‘आवक’ नावाचा क्लास, आत गाड्यांची लिस्ट, दर गाडीला कास्तकाराचं नाव, गाव, क्विंटल. ‘फॉर गाडी इन आवक’ चालायला हवं.

फॉर-लूप आधी ऑब्जेक्टची इटर मेथड बोलावतो, मिळालेल्या इटरेटरकडे (कुठवर आलो ते लक्षात ठेवून एकेक नोंद देणारा ऑब्जेक्ट) नेक्स्ट मागत राहतो, स्टॉप-इटरेशन, म्हणजे ‘संपलं’ असा इशारा, आला की थांबतो. दोन्ही मेथडच्या नावाआधी-नंतर दोन-दोन अंडरस्कोर.

फसगत इथे होते. बरेच व्हिडिओ इटरमध्ये इंडेक्स 0 करून ‘रिटर्न सेल्फ’ लिहायला सांगतात आणि नेक्स्टही त्याच क्लासात टाकतात. एका लूपला चालतं, म्हणून खरं वाटतं. आता दुबार नोंद शोधायला लूपमध्ये लूप टाका. 3 गाड्या, म्हणजे 9 जोड्या तपासायला हव्यात. तपासल्या जातात 3. बाहेरच्या लूपने पहिली गाडी घेतली, इंडेक्स 1 झाला. आतल्याने तोच इंडेक्स 0 केला आणि 3 वर नेऊन सोडला. बाहेरचा पुढची गाडी मागायला येतो तर इंडेक्स 3, खेळ खलास. एरर एकही नाही! दुसरी आणि तिसरी गाडी एकच असली तरी पकडली जात नाही. आणि इंडेक्स 0 करणंच काढून टाकलं, तर दुसऱ्यांदा लूप लावल्यावर काहीच मिळत नाही.

सुटका एका ओळीची आहे, घाबरू नका. इटरमधून आतल्या लिस्टचा इटर परत करा. काही गाड्या गाळायच्या असतील, समजा वजन न झालेल्या, तर तिथेच लूप लावून यील्ड करा, म्हणजे हवी ती गाडी एकेक करून देत राहा. दर वेळी नवा इटरेटर, त्याचा स्वतःचा इंडेक्स. नेक्स्ट लिहायची गरजच उरत नाही.

जावातही तेच: इटरेटर मेथडने दर वेळी ‘न्यू’ करून द्यावं. हॅज-नेक्स्टमध्ये (पुढे काही उरलंय का सांगणारी मेथड) इंडेक्स पुढे सरकवू नका. ती दोनदा बोलावली गेली की एक गाडी गळते.

पायथनमध्ये लूप चालू असताना त्याच लिस्टमधून काही काढू नका, पुढची नोंद सुटते.

आउटपुट आलं की जर्नलवर सही करणाऱ्या सरांपेक्षा ‘लूपमध्ये लूप टाकून दाखव’ म्हणणारा सीनियर धरा. तो गावात नसेल तर कागदावर इंडेक्स लिहीत स्वतः चालवा. पहिल्यांदा डोकं गरगरतं, ते साहजिक आहे. क्लास झाला की चार गोष्टी तपासा: रिकामी आवक, सलग दोन लूप, लूपमध्ये लूप, आणि मध्येच ब्रेक करून पुन्हा पहिल्यापासून लूप.