ग्लुटेन-फ्री खाऊनही पोट फुगतंय? या चुका टाळा

सिलिॲक आजारात गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर दुखावतं. त्याचं निदान झालं की घरातून गहू, मैदा, रवा, जव सगळं हद्दपार होतं आणि त्यांच्या जागी महागडी ग्लुटेन-फ्री पाकिटं येतात. तरीही पोट गच्च होतं, गॅस धरतो. मग पहिला संशय जातो ग्लुटेनवर: कुठून तरी पोटात गेलं असणार! कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा दोष पाकिटातल्या बाकीच्या घटकांचा असतो.

पाकिटाची फक्त पुढची बाजू वाचणं

सगळ्यात जास्त त्रास या चुकीमुळे होतो. ग्लुटेनमुळे कणीक चिवट होते, पाव फुलतो. ते काढलं की ती पकड दुसऱ्या कशातून तरी आणावी लागते. म्हणून झँथन गम (पाकिटावरचा घटक क्रमांक, म्हणजे आयएनएस ४१५), ग्वार गम (४१२) घालतात. फायबर वाढवायला चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन घालतात. ग्वार गम आणि इन्युलिन लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो.

इन्युलिन हा फ्रक्टन या न पचणाऱ्या कर्बोदकांच्या गटातला पदार्थ आहे, आणि फ्रक्टन गव्हातही असतं. २०१८ साली ओस्लोच्या संशोधकांनी सिलिॲक नसलेल्या, पण ‘मला ग्लुटेन सोसत नाही’ असं मानणाऱ्या ५९ जणांवर चाचणी केली. त्यांना जास्त त्रास ग्लुटेनपेक्षा फ्रक्टनने झाला. म्हणजे अशा माणसाने गहू सोडून इन्युलिन घातलेला पाव खाल्ला, तर ज्याचा त्रास होता तेच पुन्हा पोटात जाणार.

बिस्किटावर ‘शुगर-फ्री’ही लिहिलं असेल तर माल्टिटॉल (९६५) किंवा सॉर्बिटॉल (४२०) आहे का बघा. साखरेऐवजी घातलेले हे गोड पदार्थ आतड्यात पाणी ओढतात. चार-सहा बिस्किटांत पोट बिघडू शकतं.

तिन्ही त्रिकाळ पाकीटच खाणं

टॅपिओका, बटाटा, मका यांचं स्टार्च आणि पांढऱ्या तांदळाचं पीठ, बहुतेक पाकिटांचा पाया हाच. चोथा जवळजवळ नाहीच. त्यातून बद्धकोष्ठता, आणि बद्धकोष्ठतेतून पोटफुगी. त्यावर उपाय म्हणून एकदम भरपूर इसबगोल घेऊ नका. थोड्यापासून सुरुवात करा आणि सोबत भरपूर पाणी प्या.

खरं तर ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा यांत मुळातच ग्लुटेन नाही. भाकरी थापायला जमत नसेल तर उकड काढून लाटा. त्यात गम लागत नाही.

दुधाकडे दुर्लक्ष

सिलिॲकमध्ये आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, त्यामुळे दुधातली साखर पचवणारं विकर (एन्झाइम) कमी पडतं. केक-बिस्किटांतली दूध पावडर मग त्रास देते. अस्तर भरून आलं की दूध बहुधा पुन्हा सोसतं. तोवर अनेकांना ताक-दही चालतं.

खरंच ग्लुटेन जातंय का?

भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. हा नियम पाकिटाला आहे, गिरणीला नाही. गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ उतरतंच. जमल्यास वेगळी घरघंटी ठेवा. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, तांदळाच्या पिठातला हिंग मागून घ्या. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचं माल्ट असू शकतं. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे.

शोध कसा घ्यायचा

दोन आठवडे सगळी पाकिटं बंद करा. भात, मुगाचं वरण, भाकरी, साध्या भाज्या एवढंच ठेवा. बरं वाटलं तर एका वेळी एकच पाकीट परत आणा, तीन दिवस थांबा आणि त्रास झाला की त्यावरचे घटक वहीत उतरवा. दोन-तीन नोंदींत एकच नाव पुन्हा दिसलं, तर संशय त्यावर घ्या.

तपासणी न करताच गहू सोडला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. सिलिॲक ओळखण्यासाठीची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी गहू खात असतानाच भरवशाची असते. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागत असेल, तर दोन आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका. पाकिटांचे फोटो घेऊन लगेच पोटविकारतज्ज्ञांना गाठा.